दादाने पसंत केलेली बाटली

फर्न अल-शुब्बाक, बैरूत
१४ मार्च १९९३

नख्लेदादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र तू चुलीत टाकलं नसशील, तर अर्धी लढाई मी जिंकलो. उरलेली अर्धी अफीफावहिनींवर सोपवतो, त्या तुला वाचायला लावतीलच. पत्र आणि सोबतची बाटली तौफीक टॅक्सीवाला तुझ्या दारात आणून देईल. वाटेत त्याने बाटलीचं बूच काढलं नसेल अशी आशा आहे.

पंधरा वर्षं झाली. बाबा गेले आणि मी आलो नाही, तेव्हापासून तू मला एक ओळ लिहिली नाहीस. मीही लिहिली नाही, कुठल्या तोंडाने लिहिणार? आता आखातातली नोकरी संपली, बायको वारली, इवेतला जाऊन दोन वर्षं झाली, मुलगी कॅनडात. मी या फ्लॅटमध्ये एकटा असतो. वीज असली की टीव्ही बघतो, नसली की भिंत.

म्हणून एक उद्योग काढलाय. स्वयंपाकघरात अरक, आपली ती बडीशेपेची दारू, गाळायला लागलोय.

बाबांच्यासारखा तांब्याचा हंडा मला कुठून मिळणार? सव्वीस वर्षं तेलाच्या कारखान्यात उभ्या नळकांड्यांपाशी काढली, हाताला तेवढंच ठाऊक. तीस लिटरचं स्टीलचं पातेलं घेतलं, त्याच्यावर माझ्या छातीएवढ्या उंचीचं तांब्याचं नळकांडं बसवलं, आत भांडी घासायच्या तारेच्या घासण्या ठासून भरल्या आणि माथ्याला थंड पाण्याचं वेटोळं दिलं. वाफ वर चढते, थंड होते, बरीचशी पुन्हा खाली घरंगळते, घासण्यांवर नव्या वाफेला भेटते आणि परत चढते. अशी ती स्वतःलाच दहा वेळा धुऊन घेते. तुम्ही तीनदा गाळता, ते इथे एका फेरीत उरकतं.

पहिल्यांदा साखर आणि यीस्टवरच भागवलं. निघालं ते बाटलीत आहे. शुद्ध आहे, यापलीकडे त्याची तारीफ मलाही करता येत नाही.

आता मुद्द्याचं बोलतो. मला आपल्या घरचा अरक करायला शिकायचंय. आणि नोव्हेंबरात तू बाबांची भट्टी लावशील तेव्हा मला तिच्याशेजारी उभं राहायचंय. माझी एखादी बाटली तुझ्या पसंतीला उतरली, तर बोलावशील का? तोवर मी येत नाही. न बोलावता आलो आणि तू दार लावून घेतलंस, तर या वयात ते मला झेपायचं नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा
वदी


ऐन-तूत
२ एप्रिल १९९३

वदी,

पत्र चुलीत टाकणारच होतो. अफीफाने हातातून ओढून घेतलं.

साखरेचा अरक म्हणे. अरे, बाबांनी ऐकलं असतं तर कबरीतून उठून आले असते, तुझ्या कानाखाली एक वाजवली असती आणि परत जाऊन झोपले असते. तुझी बाटली बशीत ओतून काडी लावली. निळी जळली, बशी कोरडी झाली. दवाखान्यात सुया पुसायला उत्तम आहे. सव्वीस वर्षं रॉकेल उकळलं म्हणून अरक येतो, असं तुला कोणी सांगितलं?

तौफीकबरोबर द्राक्षाच्या दारूचे दोन बुधले पाठवतोय, आपल्याच मळ्यातले, गेल्या सालचे. आणि चार किलो यानसून. ही हिने गावची बडीशेप आहे, बारीक आणि हिरवी, तुमच्या बैरूतच्या बाजारातला कचरा नव्हे. खडे वेचून, धुऊन, भिजवून घाल. शेवटच्या फेरीतच घालायची. आधी घातलीस तर कडू होईल आणि मग मला दोष देशील. पहिली धार पोटात घ्यायची नसते एवढं तरी लक्षात आहे ना? ती बाजूला काढ आणि गुडघ्यांना चोळ. साठीला आलास, दुखत असतीलच.

नोव्हेंबरचं म्हणतोस. हे बघ, कुणाकडे लग्न असो की बारसं, आसपासची तीन गावं बाटली घेऊन माझ्या ओट्यावर येतात. 'नख्ले, सांग कसा झालाय.' मी सांगेन ते शेवटचं असतं. तुलाही तोच नियम. बाटल्या पाठव. मी 'ये' लिहीन तेव्हा ये. त्याआधी नको.

अफीफा विचारते, जेवतोस काय.

नख्ले


फर्न अल-शुब्बाक
९ मे १९९३

दादा,

तुझ्या शिव्या तीनदा वाचल्या. पंधरा वर्षं कुणी इतक्या मायेने झापलं नव्हतं. वहिनींना सांग, डाळ-भात, लबन्याचं घट्ट दही आणि डबाबंद मासे खातो.

बुधला उघडला आणि स्वयंपाकघरात आपला मळा आला. मोठ्या उमेदीने पातेल्यात ओतला, गॅस बारीक केला, चार तास खुर्ची टाकून बसलो. वर निघाला तो काचेसारखा स्वच्छ, शंभरात त्र्याण्णव भाग निव्वळ मद्यार्क. कारखान्यात असतो तर शाबासकी मिळाली असती. तोंडात घेतला, तर आत कुणीच नाही. द्राक्षं गेली कुठे, दादा? अख्खा मळा वर चढवला आणि खाली पुन्हा तुझा दवाखाना उतरला. यानसून घालून परत काढला, तर बडीशेपेची गोळी विरघळवल्यासारखा लागला. पुढे गोड, मागे रिकामा.

माझं यंत्र फार धुतं. धुणं थांबवायचं कुठे, ते मला कळत नाही. कारखान्यात कोणी थांबा म्हणत नसे.

वरच्या मजल्यावरच्या बाई विचारत होत्या, अत्तर काढता का म्हणून. हो म्हटलं. आता त्यांना एक बाटली द्यावी लागणार.

दोन बाटल्या पाठवतोय, दुसरी आणि तिसरी. हातचं राखून बोलू नकोस.

वदी


ऐन-तूत
२२ मे १९९३

वदी,

दोन्ही पाहिल्या. तिसरी बरी आहे. पाणी पडताच पांढरंशुभ्र दूध झालं, आणि बाटली हलवल्यावर बुडबुड्यांचे मणी कडेला बराच वेळ टिकले. दुसरी टाकून दे.

तुझं नळकांडं अर्धं रिकामं कर. वरचं पाणी बारीक सोड, म्हणजे कमी वाफ खाली पडेल. माणसाने आंघोळ करावी, कातडं सोलू नये. एका फेरीचा हट्ट सोड आणि दोनदा काढ, सावकाश.

आणि आकडे बघणं बंद कर. बाबांनी कधी काही मोजलं नाही. धार सुरू झाली की दोन थेंब तळहातावर घ्यायचे, हातावर हात चोळायचा आणि नाकाशी धरायचे. पहिल्यांदा बायकांच्या नखांच्या रंगासारखा वास येतो, डोकं भणभणतं. तो विरला की द्राक्षाच्या सालीचा वास येतो, कोवळ्या, चुरगळलेल्या सालीचा. तो आला की भांडं बदलायचं. शेवटी ओल्या घोंगडीचा आला की थांबायचं. दहा वर्षांचा होतो तेव्हा बाबांनी माझे हात धरून हे शिकवलं. तू तेव्हा पाळण्यात होतास, आणि मोठा झालास तेव्हा तुला पुस्तकं हवी होती.

लिहून हे कळत नाही. रोज हात चोळ. नोव्हेंबरपर्यंत तुझं नाक तयार झालं पाहिजे. बाकी सगळं मी बघेन.

नख्ले


फर्न अल-शुब्बाक
२७ जून १९९३

दादा,

ही चौथी. हिच्याबद्दल जरा जास्त लिहितो, सांभाळून घे.

अर्ध्या घासण्या काढल्या. पाणी इतकं बारीक केलं की वेटोळं हाताला कोमट लागत होतं. यानसूनही निम्मीच घातली, का ते सांगता येत नाही, हात तिथेच थांबला. आणि महिनाभर तुझ्या सांगण्याप्रमाणे हात चोळत होतो. त्या दिवशी नखांच्या रंगाचा वास विरला, थोडा वेळ काहीच नव्हतं, आणि मग दादा, आपल्या मागच्या कोठीचा वास आला. मी भांडं बदललं आणि फरशीवर बसलो. गॅस बंद करायचंही भान राहिलं नाही, धार वाहत होती आणि मी नुसता बसलेला.

तिथे बसल्या बसल्या ठरवलं की तुला खरं सांगायचं. बाबा गेले तेव्हा मी कळवलं होतं की विमानतळ बंद आहे. तो बंद होताच. पण मी दमास्कसपर्यंत आलो होतो. टॅक्सीच्या अड्ड्यावर उभा होतो, चार तासांत ऐन-तूतला पोचलो असतो. तिथे एकजण सांगत होता की रस्त्यात नाक्यावर माणसं उतरवून घेतात, आडनाव विचारतात, धर्म कळला की गोळी घालतात. मी घाबरलो. हॉटेलात दोन दिवस काढले आणि परत गेलो. इवेतलाही हे कधी सांगितलं नाही. बाबांना खांदा द्यायला तू एकटा होतास, आणि मी चार तासांवर चहा पीत होतो.

रागावलास तरी चालेल. पण यावर काहीतरी लिही.

वदी


ऐन-तूत
८ जुलै १९९३

वदी,

चौथी पाहिली. नाही जमली. पाणी घातलं तर ताकाचं पाणी झाल्यासारखी पातळ, पेल्याच्या आरपार दिसतं. मणीही लगेच फुटतात. तुला निम्मी यानसून घालायला कोणी सांगितलं होतं? पूर्ण घाल. वाढवच.

इथे ऊन फार आहे. द्राक्षं लहान आहेत पण गोड होतील.

नख्ले


फर्न अल-शुब्बाक
३ सप्टेंबर १९९३

दादा,

पाचवी झाली, सहावी झाली. तू म्हणालास तशी यानसून वाढवत गेलो. तुझं उत्तर दोन्ही वेळा एका ओळीचं, 'अजून नाही.' चौथीसारखं पुन्हा काही निघालं नाही. मला वाटलं होतं ती चांगली आहे, पण जाणकार तू.

दमास्कसबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. नको लिहूस.

ही सातवी. शेवटची समज. हिच्याबद्दल मी काही सांगत नाही, तूच सांग.

वदी


ऐन-तूत
१६ सप्टेंबर १९९३

वदी,

हीच.

परवा क्रॉसच्या सणाच्या दिवशी ओट्यावर उघडली. गच्चीगच्चीवर होळ्या पेटल्या होत्या. पाण्याचा पहिला थेंब पडला आणि पेला खालपासून वरपर्यंत पांढरा झाला, एकसारखा, कुठे रेघ नाही. बाटली हलवली तर मणी मोजून संपेनात. अफीफाला हाक मारून दाखवली. बाबांच्या हाताची आठवण झाली. शिकलास रे एकदाचा.

ये. द्राक्षं पुढच्या आठवड्यात उतरवतो. दहा नोव्हेंबरला भट्टी लावायची, तू आठ तारखेलाच ये. अफीफाने तुझी खोली झाडून घेतलीय आणि गादीला ऊन दिलंय. उखाळ्यापाखाळ्या काढायच्या नाहीत, मीही काढणार नाही. तू धारेजवळ बसायचंस, मी आग सांभाळेन. माझे गुडघे आता तिथे वाकत नाहीत, तेव्हा हात चोळायचं काम तुझंच. तू सांगायचंस, मी भांडी बदलेन.

तारीख विसरू नकोस. तुझ्यावाचून लावणार नाही.

नख्ले


फर्न अल-शुब्बाक
२० सप्टेंबर १९९३

नख्ले,

सातवी बाटली माझी नव्हती.

ती मी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणली. सगळ्यात स्वस्त कोणती म्हणून विचारून घेतली. कारखान्याचं स्पिरिट आणि बडीशेपेचं इसेन्स. लेबल भिजवून काढलं, माझं बूच लावलं आणि तौफीकच्या हातात दिली. मला बघायचं होतं की तू माझ्या बाटल्या उघडून ओठाला तरी लावतोस का. कळलं.

सहा महिने मी त्या नळकांड्यासमोर बसलो. हाताची सालं निघाली. सहा बाटल्यांना तू नाकं मुरडलीस, त्यातल्या एकीबरोबर मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट तुला लिहून पाठवली, तिला तू 'ताकाचं पाणी' म्हणालास आणि हवापाण्याचं लिहिलंस. आणि गटारात ओतायच्या लायकीची बाटली आली, तर म्हणे बाबांचा हात. थट्टाच करायची होती तर मार्चमध्ये करून मोकळा व्हायचास, मी एवढा लळा लावून घेतला नसता.

तीन गावं तुझ्या शब्दावर लग्नं लावतात म्हणे. त्यांना कोणीतरी सांगायला हवं. ज्याला बाबांचा अरक ओळखता येत नाही, त्याने बाबांच्या भट्टीला हात लावू नये.

मी येत नाही. वहिनींना म्हणावं, गादी उचलून ठेवा.

वदी


ऐन-तूत
२८ नोव्हेंबर १९९३

वदीभावजींना अफीफाचा नमस्कार.

हे पत्र यांना न सांगता लिहिते आहे. तौफीकला दरडावून ठेवलंय, त्यामुळे तुम्हीही उत्तरात मला गोत्यात आणू नका. अक्षर वाईट आहे, चष्मा तुटलाय.

भावजी, यांना वास येत नाही. तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मोठा ताप आला होता, तो उतरला तेव्हा नाक घेऊन गेला. चवही गेली, खारट-गोड तेवढं कळतं. मला यांनी सांगितलं नाही. मी भाजी चुलीवर ठेवून गोठ्यात गेले होते, परत आले तर घरभर धूर, आणि हे शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलेले. तेव्हा मला कळलं. मी म्हटलं, बाई माझंच चुकलं. काय बोलणार? या माणसाकडे शेत म्हणाल तर चार वाफे, मुलगा नाही, एवढी एक गोष्ट होती की नख्ले सांगेल ते खरं.

मागची दोन वर्षं भट्टी कशी निभावली, सांगते. धार सुरू झाली की मी काहीतरी निमित्त काढून तिथे जायची, लाकडं द्यायला, पाणी द्यायला. सालीचा वास सुटला की म्हणायची, 'अगं बाई, काय छान वास सुटलाय.' हे भांडं बदलायचे. तिकडे बघायचेही नाहीत. मला वाटायचं यांना कळत नाही मी मुद्दाम करते. यांना वाटत असेल मला कळत नाही. असे आम्ही दोघं.

तुमच्या बाटल्या यायच्या तेव्हा हे पेला उजेडात धरून बघायचे. तुमचं पत्र दिवसातून चारदा वाचायचे. दमास्कसचं पत्र महिनाभर कोटाच्या खिशात होतं, धुवायला टाकताना मी काढून ठेवलं. उत्तर लिहायला बसायचे आणि कागद फाडायचे. सातवी आली तेव्हा मला म्हणाले, 'अफीफा, पोरगा येतोय.' साठीचे तुम्ही, भावजी, आणि हे पोरगा म्हणाले.

मग तुमचं ते पत्र आलं. गावांना कोणीतरी सांगायला हवं असं तुम्ही लिहिलंत ना, ते यांच्या मनाने घेतलं. गावाला कळलं असणार, तौफीकला कळलं असणार, असं यांना वाटू लागलं. दहा तारखेला भट्टी लावली. मी नेहमीसारखी लाकडं घेऊन गेले, वेळ झाली तेव्हा म्हटलं, काय छान वास सुटलाय. हे माझ्याकडे बघून म्हणाले, 'आत जा.' आवाज चढवला नाही. मी आत गेले. खिडकीतून बघत होते. हातावर थेंब घ्यायचे, चोळायचे, नाकाशी धरायचे, आणि पुन्हा घ्यायचे.

पहिला पेला दर वर्षी समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या मित्रीला जातो. चाळीस वर्षांची पद्धत. मित्रीने घोट घेतला, पेला खाली ठेवला, म्हणाला, 'हात सुखी राहोत, नख्ले.' यांनी पद्धतीप्रमाणे दुसऱ्या घोटाला नवा पेला काढला, तर तो म्हणाला, डॉक्टरने बंद केलंय. मित्रीला आयुष्यात डॉक्टर माहीत नाही. हे हसले. दुसऱ्या दिवशी सहाही घडे यांनी मागच्या नालीत ओतले. आठवड्याने झाहलेहून तांबट बोलावला आणि भट्टी विकली. मामंजींची भट्टी, भावजी. किती मिळाले मी विचारलं नाही.

मी तुमच्यावर रागावलेय, ते खोटं कशाला सांगू? पण एक सांगायचं म्हणून हे पत्र. काल हे बाहेर गेले असताना तुमच्या सातही बाटल्या कपाटातून काढल्या आणि एकेक चाखली. चौथी तोंडात घेतली आणि पुन्हा पेला भरला. मी या घरात सून म्हणून आले त्या वर्षी मामंजींनी मला दिला होता, तोच तो. तुम्ही जूनमध्येच पोचला होतात. तुमच्या बाजूला कुणी नव्हतं, एवढंच.

अफीफा


फर्न अल-शुब्बाक
२ डिसेंबर १९९३

दादा,

तुझी सगळी पत्रं काढून पुन्हा वाचली. दूध झालं, मणी टिकले, आरपार दिसतं, निळी जळली. एकाही बाटलीच्या वासाबद्दल किंवा चवीबद्दल तू एक शब्द लिहिलेला नाहीस. वाचता येणाऱ्या माणसाला पहिल्याच पत्रात कळायला हवं होतं. मी मात्र प्रत्येक पत्रात माझ्याबद्दल काय लिहिलंय तेवढंच शोधत होतो.

'भट्टीला हात लावू नये' हे मी लिहिलेलं वाक्य मला झोपू देत नाही. ते परत घेता येत नाही. दुसऱ्यांदा तुला एकट्याला उभं केलं, आणि या वेळी रस्त्यात नाकाही नव्हता.

चौथी पुन्हा करून बघितली, दोनदा. वहीत सगळे आकडे आहेत, पाण्याची धार, गॅसची उंची, वेळ. नाही येत. तुझ्या उत्तरानंतर मी माझ्याच नाकावर भरवसा ठेवणं सोडलं, आता ते मला काही सांगत नाही.

तांबटाचं नाव कळव. मी झाहलेला जाऊन भट्टी परत आणतो, तो म्हणेल त्या किमतीला. आणि मी बारा तारखेच्या रविवारी येतोय. या वेळी न बोलावता. दार लावायचं असेल तर लाव, मी ओट्यावर बसेन.

वदी


ऐन-तूत
७ डिसेंबर १९९३

वदी,

अफीफाने चोरून लिहिलं ते मला त्याच दिवशी कळलं होतं. चोरी केली की ती मला दोनदा जेवायला विचारते.

माफीबिफी राहू दे. तू मला फसवलंस, तसं मीही तुला फसवतच होतो. मी तुला अरक शिकवत नव्हतो. मला एक नाक हवं होतं, आणि ते घरातलं हवं होतं. बेत असा होता की तू येशील, मी तुला धारेजवळ बसवीन आणि परीक्षा घेतल्यासारखं म्हणेन, हात चोळ आणि सांग. तू सांगशील, मी मान डोलवीन. एक वर्ष निभावलं असतं, मग पुढचं. तुला कधी कळू दिलं नसतं. तुझी युक्ती आधी पोचली.

'मला वास येत नाही, तू ये,' एवढंच पत्र होतं. एप्रिलमध्ये तेच लिहायला बसलो होतो. मग वाटलं, पंधरा वर्षं ज्याच्याशी बोललो नाही त्याला पहिली ओळ हीच लिहायची? म्हणून शिव्या लिहिल्या. त्या मला सोप्या जातात.

चौथीचं अफीफाने सांगितलं. मी ती पातळ दिसली म्हणून नापास केली. आता नीट आठवतं, बाबांचाही पातळच व्हायचा. पेल्याच्या आरपार त्यांची बोटं दिसायची. पण तो कधी डोळ्यांनी ओळखायची वेळच आली नव्हती.

दमास्कसचं काय लिहिणार? घाबरला नसतास तर कदाचित बाबांना आणि तुला एकदमच पुरलं असतं. हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी पंधरा वर्षं राग धरला, कारण तो धरून ठेवायला बरा वाटत होता. हे जुलैतच लिहायला हवं होतं. खिशात घेऊन हिंडलो.

रविवारी ये. दार उघडं आहे. जेवायला ये, अफीफा खिम्याचा किब्बे करणार आहे, कसा झालाय ते तिला तूच सांग. बाटली आणू नकोस. गावात मी सांगितलंय की म्हातारा झालो, भट्टी झेपत नाही. तेवढं तसंच राहू दे.

तांबटाकडे जायची गरज नाही. कालच तौफीकने सांगितलं, तांबटाने भट्टी कापून ताटं केली. भला माणूस होता. न्यायला आला त्या दिवशी हंडा गाडीत चढवण्याआधी तो खाली वाकला, आत डोकं घालून त्याने लांब श्वास घेतला आणि म्हणाला, 'काय हो, अजून येतोय की वास.' मीही वाकलो, आत डोकं घातलं, त्याच्याएवढाच वेळ थांबलो, आणि म्हणालो, हो, येतोय.

नख्ले